संगीतचौर्य व आंतरजाल-सेवाबंदी : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

संगीतकृतीची किंवा तिच्या ध्वनिमुद्रणाची हक्कधारकाच्या परवानगीवाचून प्रत काढणे, ती विकणे, वाटणे अथवा लोकांना उपलब्ध करून देणे, यास सामान्यतः संगीतचौर्य असे म्हणतात. कायद्याच्या परिभाषेत हा स्वामित्वाधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, भंग होय. चौर्य हा शब्द येथे लाक्षणिक अर्थाने योजला जातो. वस्तूची चोरी झाली असता ती मूळ मालकाकडे उरत नाही. गाण्याची प्रत काढली असता मूळ गाणे जेथल्या तेथे राहते, मात्र त्यापासून होणारी प्राप्ती हक्कधारकास मुकावी लागते. असे चौर्य केल्याचा आरोप असलेल्या ग्राहकाची आंतरजालाची, म्हणजे इंटरनेटची, जोडणी काही काळ वा कायमची तोडणे, हा उपाय एकविसाव्या शतकाच्या पहिल्या व दुसऱ्या दशकांत काही देशांनी अवलंबिला. भारताने तो स्वीकारला नाही. या निवडीमागील कारणे व तिचे परिणाम सातारा व सांगली या संगीतसमृद्ध जिल्ह्यांच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे दिसून येतात.

हे दोन जिल्हे इतिहासदृष्ट्या एकाच प्रदेशाचे भाग आहेत. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याची उत्तर सातारा व दक्षिण सातारा अशी विभागणी होऊन त्यांत औंध, फलटण, सांगली, मिरज, जत इ. संस्थानांचा मुलूख समाविष्ट करण्यात आला. दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. मराठी रंगभूमी, अभिजात संगीत, तमाशा व शाहिरी या चारही परंपरांशी या प्रदेशाचा निकट संबंध असल्याने, ‘गाणे कोणाचे?’ हा प्रश्न येथे प्रत्येक पिढीत वेगवेगळ्या रूपांत उपस्थित झालेला आहे.

पूर्वपीठिका : मुद्रणपूर्व व ध्वनिमुद्रणपूर्व काळात गाण्यावरील हक्काचे रक्षण कायद्याने नव्हे, तर रूढीने होत असे. अभिजात संगीतात चीज ही घराण्याची ठेव समजली जाई व ती शिष्यास दीर्घ सेवेनंतरच लाभे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी घरापासून दूर राहून व अनेक वर्षे कष्ट सोसून वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेर घराण्याची गायकी मिळविली व ती महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांचे शिक्षण मिरज येथे झाले. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले व स्वरलिपीयुक्त पुस्तके प्रसिद्ध करून ही विद्या सर्वांस खुली केली. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीही घराणेदार गायकांकडून मिळविलेल्या शेकडो बंदिशी छापून काढल्या. कित्येक उस्तादांना ही कृती घराण्याचे धन चव्हाट्यावर मांडण्यासारखी वाटली. याउलट, या प्रकाशनांमुळेच अनेक बंदिशी नष्ट होण्यापासून वाचल्या, ही गोष्टही तितकीच खरी आहे. प्रसार आणि संरक्षण यांमधील हा ताण पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहे.

रंगभूमीवरील रूढी अधिक सैल होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे सीतास्वयंवर हे नाटक सादर केले. त्यानंतर विकसित झालेल्या संगीत नाटकांत पदांच्या चाली बहुधा पूर्वप्रसिद्ध पदे, लावण्या, कीर्तनातील आर्या-साक्या व कर्नाटकी गीते यांवरून घेतल्या जात आणि नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर मूळ चालीचा निर्देश केला जाई. चाल उसनी घेणे हे दूषण नव्हते. मात्र ती कोठून घेतली हे सांगणे शिष्टसंमत होते. तमाशात रचनाकाराचे नाव टिकविण्याचे काम अखेरच्या कडव्यातील नाममुद्रा करी. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या लावण्या अनेक फडांनी गाइल्या. नाममुद्रेमुळे त्यांचे कर्तृत्व लोकांच्या स्मरणात राहिले; तथापि त्यापासून त्यांना नियमित प्राप्ती होण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती व त्यांचा अंतकाळ विपन्नावस्थेत गेला. नावाचे रक्षण आणि उपजीविकेचे रक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

कायद्याच्या दृष्टीने भारतात स्वामित्वाधिकाराचा पहिला अधिनियम १८४७ चा, दुसरा १९१४ चा व स्वातंत्र्योत्तर काळातील अधिनियम १९५७ चा होय. १९१४ चा अधिनियम ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होता. सातारा हा खालसा जिल्हा, तर मिरज, सांगली, औंध ही संस्थाने असल्याने, काही कोसांच्या अंतरावर कायद्याची स्थिती बदलत असे.

ध्वनिमुद्रिकांचा काळ : ग्रामोफोन कंपनीच्या वतीने एफ्. डब्ल्यू. गैसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्ता येथे भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली. आरंभी मुद्रिका जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची ध्वनिमुद्रणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व पुन्हा १९३० नंतरच्या दशकात झाली. त्यांचे वास्तव्य मिरज येथे होते व तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात त्यांची कबर आहे. सांगलीत १९३३ मध्ये जन्मलेल्या आशा भोसले, आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे जन्मलेले ग. दि. माडगूळकर (१९१९–७७), वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे (१९२३–२०१५) अशा या परिसरातील अनेक कलावंतांचा आवाज वा शब्द ध्वनिमुद्रिकेच्या द्वारा घरोघर पोहोचला.

ध्वनिमुद्रिका तयार करण्यास साचे, यंत्रसामग्री व मोठे भांडवल लागत असल्याने या काळात चोरट्या प्रती काढणे सामान्य माणसाच्या आटोक्यातील नव्हते. प्रश्न वेगळाच होता : ध्वनिमुद्रिकेचा कर्ता कोण? १९५७ च्या अधिनियमाने ध्वनिमुद्रणाचा स्वामी निर्माता ठरविला. गायकास प्रयोगकर्ता म्हणून स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हता. चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीताचा व संगीताचा पहिला स्वामी, वेगळा करार नसल्यास, चित्रपटनिर्माता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. परिणामी बहुसंख्य कवी, संगीतकार व गायक यांना एकरकमी बिदागीवर समाधान मानावे लागले. संगीतचौर्यामुळे कलावंताचे नुकसान होते, या विधानाचा विचार करताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण दीर्घकाळ हे नुकसान प्रत्यक्षात मुख्यतः निर्मात्याचे व कंपनीचे होते.

ध्वनिफितींचा काळ : फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी ध्वनिफीत म्हणजे कॅसेट प्रचारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९७५ नंतर झाला. आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांनी आणलेली यंत्रे व पुढे देशात तयार झालेली स्वस्त यंत्रे, यांमुळे ध्वनिफीत खेडोपाडी पोहोचली. दोन खणांच्या यंत्रावर एका फितीवरून दुसरी फीत सहज भरता येई. गिऱ्हाइकाच्या पसंतीची गाणी निवडून कॅसेट भरून देणे, हा तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानांचा राजरोस धंदा झाला. लहान ध्वनिफीत कंपन्यांमुळे यात्रा-जत्रांची भक्तिगीते, वगनाट्ये, लावण्या व पोवाडे यांना प्रथमच बाजारपेठ लाभली. मोठ्या कंपनीने कधी न घेतलेली स्थानिक गाणी फितीवर आली. त्याच वेळी त्याच फितींच्या चोरट्या प्रतीही यात्रेतील दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. तुटपुंज्या भांडवलावर उभ्या असलेल्या निर्मात्यास व त्याच्याकडे गाणाऱ्या फडाला हा तोटा सोसणे कठीण होते.

या परिस्थितीस उत्तर म्हणून १९८४ मध्ये अधिनियमात महत्त्वाची दुरुस्ती करण्यात आली. हेतुपुरस्सर स्वामित्वाधिकारभंगास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा ठरली. कृत्य व्यापारी लाभासाठी झालेले नसल्यास याहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयास पुढे ठेवण्यात आली. चोरट्या प्रती अधिपत्राशिवाय जप्त करण्याचा अधिकार पोलिसांस मिळाला व ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचे नाव, पत्ता व प्रसिद्धीचे वर्ष छापणे बंधनकारक झाले. महाराष्ट्रात याहून कडक तरतूद २००९ मध्ये करण्यात आली. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींविरुद्धच्या १९८१ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियमात चित्रपटादींच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांचाही समावेश झाला. या अधिनियमान्वये बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते.

आंतरजालावरील संगीत : भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. एमपी३ या संक्षेपणपद्धतीमुळे ध्वनिमुद्रणाची फाइल मूळ आकाराच्या सु. एकदशांशापर्यंत लहान करता येऊ लागली. १९९९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या नॅप्स्टर या सेवेने लक्षावधी लोकांच्या संगणकांतील गाणी परस्परांस खुली केली. न्यायालयाच्या आदेशानंतर ती २००१ मध्ये बंद पडली. पुढे आलेल्या बिटटॉरेंटसारख्या पद्धतींत मध्यवर्ती संग्रहच नसल्याने, बंद करावयाचे तरी काय, हा प्रश्न निर्माण झाला.

सातारा-सांगलीच्या ग्रामीण भागात या बदलाचे स्वरूप काहीसे निराळे होते. घरोघर संगणक नसल्याने गाणी एकाने उतरवून घ्यावयाची व अनेकांस वाटावयाची, अशी रीत पडली. एसटी स्थानकाजवळील मोबाइलच्या दुकानांत अल्प पैसे घेऊन भ्रमणध्वनीच्या कार्डात शेकडो गाणी भरून दिली जात. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजाल अत्यंत स्वस्त झाल्यावर या धंद्याचे महत्त्व ओसरले व बहुतेक श्रोते परवानाधारक श्रवणसेवांकडे व चित्रफितींच्या संकेतस्थळांकडे वळले.

सेवाबंदीचा उगम : अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाने २००३ पासून हजारो व्यक्तींवर दावे लावले. विद्यार्थी व सामान्य गृहस्थांवरील या दाव्यांमुळे उद्योगाची अपकीर्ती झाली व २००८ च्या अखेरीस ते धोरण सोडून देण्यात आले. त्याऐवजी सेवा पुरविणाऱ्या कंपनीनेच आपल्या ग्राहकास एकामागून एक इशारे द्यावेत व तरीही तो न सुधारल्यास त्याची जोडणी तोडावी, ही कल्पना पुढे आली. तिला ‘तीन इशाऱ्यांची पद्धत’ असे नाव पडले.

या पद्धतीची कार्यरीती अशी : हक्कधारकांच्या वतीने नेमलेली संस्था फाइलवाटपाच्या जाळ्यात स्वतः सामील होते व कोणत्या आयपी पत्त्यावरून कोणती फाइल केव्हा वाटली जात आहे याची नोंद करते. सेवाकंपनी आपल्या दप्तरावरून तो पत्ता त्या वेळी कोणत्या ग्राहकास दिलेला होता हे शोधून त्यास इशारा पाठविते. या साखळीतील दुर्बल दुवा उघड आहे. आयपी पत्ता जोडणी दर्शवितो, माणूस दर्शवीत नाही. एका जोडणीवर सबंध कुटुंब, भाडेकरू, वसतिगृह वा शेजारी अवलंबून असू शकतात. भ्रमणध्वनी कंपन्या तर एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरू देतात.

फ्रान्समध्ये २००९ साली याविषयीचा कायदा संमत झाला व त्याच्या अंमलबजावणीसाठी आदोपी नावाचे प्राधिकरण निर्माण झाले. मूळ कायद्याने जोडणी तोडण्याचा अधिकार या प्रशासकीय प्राधिकरणासच दिला होता. तथापि १० जून २००९ रोजी फ्रान्सच्या संविधान परिषदेने तो भाग रद्द ठरविला. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात आंतरजाल वापरण्याच्या स्वातंत्र्याचा अंतर्भाव होतो व आरोपीस निर्दोष मानण्याचे तत्त्व येथे उलटे फिरविले गेले आहे, असे परिषदेचे म्हणणे होते. त्यानंतर त्याच वर्षी दुरुस्त कायद्याने हा अधिकार न्यायाधीशाकडे सोपविला. २०१२ मध्ये पूर्व फ्रान्समधील एका गृहस्थास १५० यूरो दंड झाला. गाणी त्याने नव्हे, तर त्याच्या पत्नीने उतरवून घेतली होती. परंतु जोडणी त्याच्या नावे असल्याने ती सुरक्षित न राखल्याचा दोष त्याच्यावर आला. जून २०१३ मध्ये एका ग्राहकास दंडाबरोबर पंधरा दिवसांच्या सेवाबंदीची शिक्षा सुनावण्यात आली आणि पुढच्याच महिन्यात शासनाने या अपराधाची सेवाबंदीची शिक्षा काढून टाकली.

इतरत्रही हा अनुभव फारसा निराळा नाही. आयर्लंडमध्ये २००९ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्या व एक दूरध्वनी कंपनी यांच्यात तडजोड होऊन तीन इशाऱ्यांची पद्धत सुरू झाली. दक्षिण कोरियाने २००९ मध्ये ग्राहकाचे खाते सहा महिन्यांपर्यंत स्थगित करण्याची तरतूद केली. न्यूझीलंडमध्ये यासंबंधीचे पहिले कलम लोकक्षोभामुळे २००९ मध्ये मागे घ्यावे लागले; २०११ च्या कायद्याने न्यायाधिकरणामार्फत दंडाची व्यवस्था केली, मात्र सेवाबंदीचे कलम अमलात आणले नाही. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यातील सेवाबंदीविषयक तरतुदी कागदावरच राहिल्या. अमेरिकेतील इशारापद्धती २०१३ ते २०१७ अशी चार वर्षे चालली. तेथील १९९८ च्या कायद्यानुसार वारंवार भंग करणाऱ्या ग्राहकाची सेवा समाप्त करण्याचे धोरण कंपनीने आखणे अपेक्षित आहे. ते नीट न पाळल्याच्या कारणावरून २०१९ मध्ये एका कंपनीवर शंभर कोटी डॉलरची भरपाई बसविण्यात आली; २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ही रक्कम रद्द केली व पुढे हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेचे विशेष प्रतिवेदक फ्रँक ला र्यू यांनी २०११ च्या अहवालात, स्वामित्वाधिकारभंगाच्या कारणावरून कोणासही आंतरजालापासून तोडणे ही अपराधाच्या प्रमाणाबाहेरची शिक्षा आहे, असा अभिप्राय दिला.

भारतातील कायदा : भारतीय कायद्यात इशारे देऊन जोडणी तोडण्याची पद्धत नाही. येथे मुख्य भर मजकूर काढून टाकण्यावर व संकेतस्थळे अडविण्यावर आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार हक्कधारकाने लेखी तक्रार केल्यास मध्यस्थ सेवेने संबंधित मजकूर एकवीस दिवस अडवून ठेवावयाचा असतो. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश न आल्यास तो पुन्हा खुला करता येतो. कारवाई छत्तीस तासांच्या आत व्हावी, असे २०१३ च्या नियमांत म्हटले आहे. येथे अडविला जातो तो मजकूर, ग्राहक नव्हे. मात्र नियम, करार इत्यादींचे पालन न करणाऱ्याचा वापराधिकार तत्काळ समाप्त करण्याचा हक्क मध्यस्थास आहे, हे वापरकर्त्यांस कळविण्याची तरतूद माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील २०११ च्या नियमांत होती व २०२१ च्या नियमांतही ती कायम राहिली. म्हणजे सेवाबंदी शिक्षेच्या रूपाने आलेली नसली, तरी कराराच्या आडवाटेने ती संभवते. अशा वेळी ग्राहकास आधी म्हणणे मांडण्याची संधी देणारी न्यायालयीन पायरी तीत नाही.

न्यायालयांनी दिलेले निर्णयही याच दिशेचे आहेत. २०१२ मध्ये ध्वनिमुद्रण उद्योगाच्या अर्जांवरून कलकत्ता उच्च न्यायालयाने गाणी फुकट पुरविणारी संकेतस्थळे अडविण्याचे आदेश दिले व अशा १०४ संकेतस्थळांवर कारवाई झाली. मायस्पेस प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये असे ठरविले, की विशिष्ट भंगाची प्रत्यक्ष माहिती असल्याशिवाय मध्यस्थास दोषी धरता येणार नाही. त्याच वर्षी चित्रपटांसंबंधीच्या अर्जांवर मुंबई उच्च न्यायालयाने पुराव्यावाचून सबंध संकेतस्थळे अडविण्यास नकार दिला. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, अडविलेले संकेतस्थळ नाव बदलून पुन्हा अवतरल्यास मूळ आदेशच त्यास लागू करण्याची पद्धत मान्य केली. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये सायबर विभागाच्या अंतर्गत अशा चौर्याविरुद्ध स्वतंत्र पथक उभारले.

आंतरजालापर्यंत पोहोचण्याच्या हक्काचे स्वरूपही याच काळात स्पष्ट झाले. विद्यार्थिनीस वसतिगृहात भ्रमणध्वनी वापरण्यास केलेल्या मनाईच्या संदर्भात केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये, हा हक्क शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. अनुराधा भसीन प्रकरणी १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंतरजालाच्या माध्यमातून होणाऱ्या अभिव्यक्तीस व व्यवसायास संविधानाच्या अनुच्छेद १९ चे संरक्षण असल्याचे सांगितले. सेवास्थगिती अनिश्चित काळासाठी असू नये, ती कारणाच्या प्रमाणात असावी व तिचा आदेश प्रसिद्ध केला जावा, असेही न्यायालयाने ठरविले.

सातारा जिल्ह्यातील सेवास्थगिती : सातारा जिल्ह्याने आंतरजाल बंद होण्याचा अनुभव घेतला तो संगीतचौर्यामुळे नव्हे, तर सार्वजनिक शांततेच्या कारणासाठी. सामाजिक माध्यमांवरील आक्षेपार्ह मजकुरावरून १० सप्टेंबर २०२३ रोजी खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे हिंसाचार होऊन जीवितहानी झाली. त्यानंतर अफवांचा प्रसार रोखण्यासाठी जिल्ह्यातील आंतरजाल सेवा काही काळ स्थगित करण्यात आली. अशी स्थगिती त्या वेळी २०१७ च्या नियमांनुसार होत असे. त्यांची जागा २०२४ च्या नियमांनी घेतली. दोन्ही प्रकारच्या बंदींचे हेतू भिन्न आहेत : एकीत तातडीचा धोका टाळावयाचा असतो, तर दुसरीत झालेल्या कृत्याबद्दल शासन करावयाचे असते. तथापि एका बाबतीत त्यांच्यात साम्य आहे. दोहोंचा भार ज्यांचा मूळ कृत्याशी संबंध नाही अशांवरही पडतो. सातबारा उतारा, पीकविम्याचा अर्ज, महाविद्यालयीन प्रवेश, शिष्यवृत्ती, बँकेचे व्यवहार, बाजारभाव या सर्वांसाठी ग्रामीण कुटुंब ज्या एका जोडणीवर विसंबून असते, ती तुटल्यास शिक्षा गाणे उतरविणाऱ्या एकट्यास होत नाही. २०२० च्या साथीच्या काळात शाळाही याच जोडणीवरून भरत होत्या.

कलावंताचा पक्ष : सेवाबंदी प्रमाणाबाहेरची ठरली, तरी त्यामुळे कलावंताचे गाऱ्हाणे निकालात निघत नाही. एक ध्वनिमुद्रण उभे करण्यास साथीदार, स्टुडिओ व सराव यांचा खर्च येतो. लहान फडांच्या व नवोदित गायकांच्या बाबतीत तो पदरमोड करून केलेला असतो. १९९४ च्या दुरुस्तीने गायक-वादकांस प्रयोगकर्त्याचे हक्क दिले व १९९९ मध्ये त्यांची मुदत पंचवीस वर्षांवरून पन्नास वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने कवी व संगीतकार यांना चित्रपटगृहाबाहेरील वापरापासून मिळणाऱ्या स्वामित्वशुल्कात समान वाटा दिला व तो करारानेही सोडून देता येणार नाही अशी तजवीज केली. हे हक्क प्रत्यक्ष वसूल होण्यासाठी लेखी करार, संस्थांचे सभासदत्व व वापराच्या नोंदी आवश्यक असतात. तोंडी बोलीवर चालणाऱ्या तमाशा व लोकसंगीताच्या व्यवसायात त्यांचा बहुधा अभाव असतो. म्हणून या परिसरातील लोककलावंतास चोरट्या प्रतीइतकाच कागदाचा अभावही बाधक ठरतो.

दुसऱ्या बाजूने, प्रत्येक प्रत म्हणजे चौर्य नव्हे, हेही ध्यानी घेतले पाहिजे. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वाधिकार प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. त्यामुळे अब्दुल करीम खाँ यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे सर्वांस खुली झाली आहेत. पठ्ठे बापूराव यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना २००५ च्या अखेरीस स्वामित्वाधिकारातून मुक्त झाल्या. त्या कोणीही गाव्यात. माडगूळकरांच्या गीतांवरील हक्क मात्र २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात वा लग्नाच्या वरातीत वाजविलेले संगीत अधिनियमान्वये भंग ठरत नाही. यंत्राने केवळ आयपी पत्ता व फाइलचे नाव पाहून दिलेल्या इशाऱ्यात हे भेद दिसत नाहीत. ते न्यायाधीशापुढील सुनावणीतच उलगडू शकतात.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. ज्या देशांनी ग्राहकाची जोडणी तोडण्याचा उपाय योजला, त्यांपैकी बहुतेकांनी तो थोड्याच वर्षांत सोडला, शिथिल केला वा मुळीच अमलात आणला नाही. आरोप व सिद्धदोष यांतील भेद, एका व्यक्तीच्या कृत्याचा कुटुंबावर पडणारा भार आणि आंतरजालास आलेले जीवनावश्यक सेवेचे स्वरूप, ही त्याची प्रमुख कारणे होत. संगीताच्या चोरट्या वाटपास ओहोटी लागली, ती मुख्यतः कायदेशीर सेवा स्वस्त व सुलभ झाल्यामुळे. तथापि या सेवांपासून होणारी प्राप्ती गायक, वादक व कवी यांच्या हाती किती पडते, हा प्रश्न उरतोच.

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या अनामिक राहिलेल्या कारागिरांच्या सामूहिक कसबास कायद्याने त्यांच्या गावाचे नाव जोडून दिले. ज्या परंपरागत चालींवर व गाण्यांवर कोणा एकाचा हक्क सांगता येत नाही, त्यांच्या वारसदार लोककलावंतांसाठी अशी सामूहिक व्यवस्था अद्याप झालेली नाही. पठ्ठे बापूरावांच्या काळात नाममुद्रेने नाव राखले, पण उपजीविका राखली नाही. त्यानंतरच्या शतकात कायद्याने उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण तो फडापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा अपुरी राहिली. श्रोत्याची जोडणी तोडल्याने ही उणीव भरून निघत नाही. करार, नोंदी व नियमित वाटप यांची व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर उभी राहणे, हाच तिच्यावरील अधिक परिणामकारक उपाय होय.